वेबमध्ये मुरलेल्या प्रोग्रामरना डेस्कटॉप ॲप्लिकेशन शिकवायचंय – तीन आठवड्यांत काय घ्यावं, काय गाळावं?

खटपट्या

सहा जणांची टीम आहे. सगळे पाच ते नऊ वर्षं अनुभवाचे, जावा-स्प्रिंग आणि रिॲक्टवर हात बसलेले. आता काम आलंय विंडोजवरच्या डेस्कटॉप ॲप्लिकेशनचं. कारखान्यातल्या टेस्ट-बेंचवरून (चाचणी घेणाऱ्या यंत्रावरून) सिरियल पोर्टने रीडिंग घ्यायची, तक्ता आणि आलेख दाखवायचा, ऑपरेटरने शेरा लिहायचा, शेवटी अहवाल छापायचा. मशीनला इंटरनेट नाही. काही मशीनवर अजून विंडोज १० आहे, बाकीच्यांवर ११. पडदे मराठीत हवेत.

डब्ल्यूपीएफ (विंडोजचे पडदे बांधायची मायक्रोसॉफ्टची चौकट) आणि डॉटनेट १० (ती ज्यावर चालते तो पाया) हे ठरलंय, त्यावर वाद नको. सी-शार्पची भाषा त्यांना आठवड्यात येईल, ती चिंता नाही. रोज चार तास, १५ दिवस, म्हणजे ६० तास हातात आहेत. माझा कच्चा आराखडा असा: पहिला आठवडा झॅमल (पडदा लिहायची भाषा, एक्सएएमएल) आणि लेआउट, दुसरा एमव्हीव्हीएम (पडदा आणि त्यामागचं काम वेगळं ठेवायची मांडणी), तिसऱ्यात एक प्रोजेक्ट.

हा क्रम बरोबर आहे का? आणि सराव नेमका कशावर द्यावा?

---

यंत्रमाणूस

क्रम उलटा करा. झॅमल हे एचटीएमएल येणाऱ्याला दोन दिवसांत वाचता येतं, त्यावर आठवडा घालवायची गरज नाही. या लोकांची अडचण वाक्यरचनेत नसते, अंगवळणी पडलेल्या सवयीत असते. सर्व्हरवर प्रत्येक विनंतीला वेगळा थ्रेड (काम करणारा स्वतंत्र धागा) मिळतो, काम झालं की सगळं विसरून जायचं. डेस्कटॉपवर पडदा एकाच थ्रेडच्या मालकीचा असतो आणि प्रोसेस सकाळच्या पाळीला सुरू होऊन महिनाभर बंद होत नाही. हे आधी हाताला लागलं पाहिजे.

पहिल्याच दिवशी, काहीही न शिकवता, हा सराव द्या. १० लाख ओळींची सीएसव्ही फाइल, एक बटण, एक डेटाग्रिड. बटण दाबलं की फाइल वाचून ग्रिडमध्ये दाखवायची. त्यांना सुचेल तसं लिहू द्या. साधारण या क्रमाने आपटतात:

पहिला प्रयत्न क्लिकच्या हँडलरमध्येच सगळं वाचण्याचा. खिडकी गोठते. यूआय थ्रेडने, म्हणजे पडद्याच्या मालक थ्रेडने, पाच सेकंद संदेश उचलले नाहीत की विंडोज त्या खिडकीला मेलेली समजतं आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लावतं.

मग कोणीतरी सगळं टास्क-रनमध्ये गुंडाळतो, म्हणजे मागच्या थ्रेडवर टाकतो. आता ग्रिडला बांधलेल्या ऑब्झर्व्हेबल कलेक्शनमध्ये (बदल पडद्याला कळवणाऱ्या यादीत) दुसऱ्या थ्रेडवरून ओळ घातली म्हणून अपवाद येतो.

त्यावर उपाय म्हणून प्रत्येक ओळीला डिस्पॅचरचं (यूआय थ्रेडला रांगेने कामं देणाऱ्याचं) इन्व्होक, म्हणजे काम देऊन ते होईपर्यंत थांबणं. चालतं, पण १० लाख फेऱ्या. कोणी हुशार निघतो आणि इन्व्होकच्या जागी बिगिनइन्व्होक घालतो, म्हणजे काम देऊन न थांबता पुढे जातो. आता वाचणारा थ्रेड सुसाट सुटतो आणि खिडकी पहिल्यापेक्षा वाईट गोठते. इथे थांबा आणि फळ्यावर डिस्पॅचरची रांग काढा. रांगेत प्राधान्य असतं: नॉर्मल ९, रेंडर ७, इनपुट ५. आकडा मोठा तो पुढे. बिगिनइन्व्होक काही न सांगता केलं तर काम नॉर्मलला जातं, म्हणजे रंगवणं आणि माउस दोन्ही मागे राहतात. रांगेत लाखभर नॉर्मल कामं पडली की क्लिकचा नंबर लागणारच कधी?

हे चारही टप्पे झाले की बरोबर उत्तर दाखवा: मागच्या थ्रेडवर साधी यादी भरायची, पूर्ण झाल्यावर एकदाच ग्रिडला द्यायची, प्रगतीची पट्टी दर १०० मिलिसेकंदांनी हलवायची आणि रद्द करायला कॅन्सलेशन टोकन. प्रत्येक ओळीला प्रगती कळवली तर पुन्हा तीच रांग तुंबते, हे कोणीतरी करून बघेलच. बघू द्या.

याच सरावात दुसरा सापळा आपोआप येतो. वेबवाला माणूस ‘स्क्रोल हवं’ म्हणून ग्रिडला स्क्रोलव्ह्यूअरमध्ये किंवा स्टॅकपॅनेलमध्ये टाकतो. डेटाग्रिड फक्त दिसणाऱ्या ओळींचे कंट्रोल तयार करतो, पण त्यासाठी आपली उंची किती हे त्याला कळावं लागतं. स्टॅकपॅनेल आतल्याला अमर्याद उंची देतो. मग ग्रिडच्या लेखी सगळ्याच ओळी ‘दिसणाऱ्या’ आणि मेमरी जीबीत जाते. व्हिज्युअल स्टुडिओच्या लाइव्ह व्हिज्युअल ट्रीमध्ये डेटाग्रिड-रो मोजायला लावा. पडद्यावर ३० ओळी असतील तर झाडात तेवढ्याच, फार तर थोड्या जास्त हव्यात. (हे १० लाखांवर न करता ५ हजारांवर करा, नाहीतर झाड उघडतानाच व्हिज्युअल स्टुडिओ आडवा होईल.)

एमव्हीव्हीएम दुसऱ्या आठवड्यात ठीक, पण बाइंडिंग (पडद्यावरचा खाना आणि डेटातली प्रॉपर्टी यांची जोडणी) चुकल्यावर काय होतं ते पहिल्या तासात दाखवा: काहीच होत नाही. प्रॉपर्टीचं नाव एका अक्षराने चुकलं तर अपवाद नाही, लाल रेघ नाही, नुसती रिकामी जागा. व्हिज्युअल स्टुडिओतली ‘एक्सएएमएल बाइंडिंग फेल्युअर्स’ ही चुकलेल्या जोडण्या दाखवणारी खिडकी कायम उघडी ठेवायची सवय लावा. रिॲक्टवाल्यांचा यात सर्वात जास्त वेळ जातो.

अजून एक. .रिझल्ट आणि .वेट (दोन्ही काम संपेपर्यंत थ्रेड अडवतात) या दोन शब्दांवर यूआयच्या कोडमध्ये सरळ बंदी घाला. यूआय थ्रेड .रिझल्टवर अडून बसतो, आणि अवेटच्या (थ्रेड न अडवता वाट बघण्याच्या) पुढचं काम त्याच थ्रेडवर परतायची वाट बघतं. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले. हाच कोड कन्सोल प्रोग्राममध्ये बिनतक्रार चालतो, कारण तिथे परत यायला ठरलेला थ्रेड नसतो. म्हणून ‘माझ्या टेस्टमध्ये तर चाललं’ हे वाक्य ऐकायला मिळेल.

---

अर्धविराम

यंत्रमाणूस यांच्याशी सहमत, पण ६० तासांतले पहिले सहा तास संगणक बंद ठेवून घालवा असं सुचवेन. प्रश्नात ‘डिझाइन’ हा शब्दच आलेला नाही.

वेबवाले पान-पान विचार करतात: यादीचं पान, तपशिलाचं पान, फॉर्म, सबमिट. डेस्कटॉपची मांडणी दोन गोष्टींवर उभी असते, दस्तऐवज आणि आज्ञा. तुमच्याकडे दस्तऐवज म्हणजे एक चाचणी. ती उघडते, बदलते, जतन होते, छापली जाते. हे ठरलं की कागदावर आज्ञांचा तक्ता करायला लावा. प्रत्येक आज्ञेला पाच रकाने: मेन्यूत जागा कुठे, शॉर्टकट कोणता, कधी चालू आणि कधी फिका, पूर्ववत कसा करायचा, अर्ध्यात रद्द करता येतो का.

नमुन्यादाखल एक ओळ भरून दाखवतो. आज्ञा: ‘रीडिंग वगळा’. जागा: संपादन मेन्यू आणि ओळीवर उजवी क्लिक. शॉर्टकट: डिलीट. चालू कधी: किमान एक ओळ निवडलेली असेल आणि चाचणी चालू नसेल तेव्हा. पूर्ववत: ओळ खरोखर पुसायचीच नाही, वगळल्याची खूण लावायची, कंट्रोल-झेडला खूण काढायची. अर्ध्यात रद्द: गरज नाही, क्षणात होतं. एवढं लिहिलं की ‘तुम्हाला खात्री आहे का?’ हा डायलॉग लागतच नाही. पूर्ववत करता येत असेल तर विचारायचं कशाला? जिथे तो रकाना रिकामा राहतो तिथेच विचारा.

अशा २५-३० ओळी झाल्या की व्ह्यूमॉडेलमधल्या (पडद्यामागचं काम सांभाळणाऱ्या कोडमधल्या) कमांड जवळजवळ तयार असतात आणि एमव्हीव्हीएम कशासाठी ते वेगळं पटवावं लागत नाही. पूर्ववत करणं शेवटी ‘घालू’ म्हणून ठेवू नका. बदल प्रॉपर्टीतून थेट होत असतील तर नंतर ते घालता येत नाही, अर्धा प्रोग्राम पुन्हा लिहावा लागतो.

मग माउस काढून घ्या. अक्षरशः, यूएसबीतून काढा. चाचणी उघडणं, तीन रीडिंगना शेरे, जतन, छपाई हे सगळं कीबोर्डवर झालं पाहिजे. टॅबचा क्रम, एंटरला कोणतं बटण, एस्केपला कोणतं, एंटरने खालच्या खान्यात जायचं की उजवीकडच्या – हे ऑपरेटर दिवसातून कितीतरी वेळा करणार आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टीमने ठरवायचं नाही. ऑपरेटर आज कागदावर किंवा एक्सेलमध्ये ज्या दिशेने भरतो ती दिशा ठेवायची.

---

क्यूटीकर

डब्ल्यूपीएफवर वाद नको म्हणालात म्हणून वाद घालत नाही. पण पुढेमागे लिनक्सवरही हवं असं कोणी म्हणालं आणि क्यूटीकडे (विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालणाऱ्या पडद्यांच्या चौकटीकडे) वळलात, तर वरचे धडे तसेच लागू आहेत. विजेटला फक्त मुख्य थ्रेडने हात लावायचा, दुसऱ्या थ्रेडवरून सिग्नल पाठवायचा, तो रांगेतून येतो.

फरक तीन ठिकाणी चावतात. तक्त्याच्या मॉडेलमध्ये ओळ घालण्याआधी बिगिन-इन्सर्ट-रोज आणि नंतर एंड-इन्सर्ट-रोज म्हटलं नाही तर दृश्याला जुनीच संख्या माहीत राहते आणि कधीतरी क्रॅश होतो, तोही भलत्याच जागी. पायसाइडमध्ये, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरताना, खिडकीचा संदर्भ कुठल्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला नाही तर खिडकी चमकून नाहीशी होते, कारण पायथन ती कचऱ्यात काढतो. आणि निव्वळ पायथनचं जड गणित वेगळ्या थ्रेडवर टाकलं तरी जीआयएलमुळे (पायथनचं एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) खिडकी अडखळते, त्याला वेगळी प्रोसेसच लागते.

---

ऱ्हस्वदीर्घ

‘पडदे मराठीत हवेत’ हे वाक्य तुम्ही शेवटी टाकलंत, पण त्यासाठी पूर्ण एक दिवस राखा. भाषांतराची फाइल बनवणं यातला सोपा भाग आहे.

सर्वात वाईट किडा अंकांचा. टेक्स्टबॉक्समध्ये फक्त आकडे यावेत म्हणून प्रोग्रामर कॅरॅक्टरच्या इज-डिजिटने तपासतात. कुठूनतरी देवनागरी ‘५०’ आलं, तर इज-डिजिट ‘हो’ म्हणतो, कारण युनिकोडच्या दृष्टीने तो अंकच आहे. पुढे इंट-पार्स मात्र फक्त इंग्रजी अंक ओळखतो आणि अपवाद फेकतो. डॉटनेटच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकाचा संकेतही देवनागरी अंकाला जुळतो, त्यामुळे तिथूनही हे निसटतं. उपाय: आत घेतानाच प्रत्येक अंक कॅरॅक्टर-युनिकोड-इन्फोच्या गेट-डेसिमल-डिजिट-व्हॅल्यूने बदलून घ्यायचा आणि मगच पार्स करायचं. मराठी ॲपने ‘५०’ नाकारणं बरं दिसत नाही.

तारखा. संगणकाची भाषा-प्रदेश मराठी केली तरी डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग तारीख अमेरिकन पद्धतीने दाखवतं, कारण कंट्रोलची लँग्वेज प्रॉपर्टी मुळात अमेरिकन इंग्रजी असते. ३ एप्रिल ‘४/३’ दिसतो आणि ऑपरेटर तो ४ मार्च वाचतो. महिन्याच्या १३ तारखेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. ॲप सुरू होताना एकदाच फ्रेमवर्क-एलिमेंटच्या लँग्वेजचं मेटाडेटा ओव्हरराइड करा.

उंची. इंग्रजी अक्षरावर बेतून टेक्स्टबॉक्सला ठरावीक उंची दिली की ‘र्की’ची वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, ‘द्रू’चा उकार खालून. उंची द्यायचीच नाही, किमान उंची द्यायची. तपासायला एकच शब्द सगळ्या पडद्यांवर टाकून बघा: ‘कर्तृत्व’. तो शाबूत दिसला तर बहुतेक सगळं शाबूत.

लांबी. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर, स्ट्रिंगला चार. शेरा २० वर कापला तर मध्येच पाय मोडलेलं अक्षर उरतं. कापायचंच असेल तर स्ट्रिंग-इन्फो वापरून कापा आणि जोडाक्षर मध्येच तुटत नाही ना ते तपासा. आणि क्रमवारी ऑर्डिनल पद्धतीने लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, कारण कोडपॉइंट तसे आहेत. आपली वर्णमाला तशी नाही.

युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधले शेरे कोणी चिकटवले तर ते इंग्रजी चिन्हांचा कचरा म्हणून येतील. तो तुमच्या ॲपचा दोष नाही, पण तक्रार तुमच्याकडेच येणार.

---

खटपट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा फाडून पुन्हा लिहितोय. आज्ञांचा तक्ता आणि सीएसव्हीचा सराव पक्का.

सिरियल पोर्टबद्दल दोन प्रश्न राहिले. एक, प्रशिक्षणात सहा टेस्ट-बेंच कुठून आणायचे? दोन, नमुना म्हणून लिहिलेल्या ॲपमध्ये रीडिंग येत असताना ‘थांबवा’ दाबलं की दहातल्या दोन-तीन वेळा सगळं लटकतं. रीडिंग येत नसताना कधीच नाही. शिवाय खिडकी बंद करताना ‘जतन करायचं का?’ विचारतो, त्यावर ‘रद्द’ म्हटलं तरी खिडकी बंद होतेच.

---

यंत्रमाणूस

बेंच नको. कॉमझिरोकॉम नावाचा मुक्त ड्रायव्हर दोन आभासी पोर्ट जोडून देतो. एका टोकाला वीस ओळींचा रीडिंग पाठवणारा प्रोग्राम, दुसऱ्याला तुमचं ॲप. पाठवणारा प्रोग्राम मुद्दाम द्वाड लिहा: कधी अर्धी ओळ पाठवून २०० मिलिसेकंद थांबायचं, कधी तीन ओळी एकदम, कधी मध्येच कचरा. ‘डेटा आला’ ही घटना म्हणजे एक पूर्ण ओळ आली असं नसतं. बाइट साठवायचे, ओळ संपल्याची खूण दिसली की तेवढा तुकडा तोडायचा, उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवायचं. एचटीटीपीने सगळं बांधून हातात देण्याची सवय असलेल्यांना हे नवीन असतं.

लटकण्याचं कारण बहुतेक असं आहे. डेटा-रिसीव्ह्डचा हँडलर वेगळ्या थ्रेडवर चालतो आणि त्यात तुम्ही डिस्पॅचरचं इन्व्होक केलंय. ‘थांबवा’ दाबल्यावर यूआय थ्रेड पोर्टच्या क्लोजमध्ये शिरतो आणि चालू हँडलर संपायची वाट बघतो. हँडलर इन्व्होकमध्ये यूआय थ्रेडची वाट बघतोय. रीडिंग येत नसताना हँडलरच चालू नसतो, म्हणून तेव्हा काही होत नाही. इन्व्होकचं बिगिनइन्व्होक केलं तर गाठ सुटते, पण मी तेही ठेवणार नाही. हँडलरने पडद्याला हातच लावायचा नाही, रीडिंग समांतर रांगेत टाकायचं आणि सुटायचं. यूआयवर १०० मिलिसेकंदांचा डिस्पॅचर-टायमर ती रांग उपसतो. सेकंदाला १००० रीडिंग आली तरी पडदा दहाच वेळा बदलतो, आणि डोळ्याला तेवढं पुरतं.

जोडवायर मध्येच उपटून बघायला विसरू नका. आभासी पोर्टवर ते होत नाही, त्यासाठी एक खरी यूएसबी-सिरियल वायर घ्या. उपटल्यावर पुढच्या वाचण्या-लिहिण्याला अपवाद येतो, आणि दुसऱ्या खाचेत लावली की कॉम ३ चा कॉम ५ होऊ शकतो. पोर्टचा क्रमांक सेटिंगमध्ये कायमचा कोरून ठेवू नका.

खिडकीचं: तुमचा क्लोजिंग हँडलर असिंक-व्हॉइड (ज्याच्या संपण्याची कोणी वाट बघत नाही असा) असणार आणि ‘रद्द’ची खूण अवेटच्या नंतर लावलेली असणार. पहिल्या अवेटला हँडलर परत फिरतो, डब्ल्यूपीएफ बघतं की रद्द केलेलं नाही, आणि खिडकी मिटवतं. तुमची खूण नंतर लागते, तोवर खिडकी गेलेली. आधी बिनशर्त रद्द करा, मग विचारा, जतन करा, आणि बंदच करायची ठरली तर एक झेंडा लावून स्वतः पुन्हा क्लोज म्हणा. झेंडा दिसला की हँडलरने काहीच न करता सोडून द्यायचं.

---

सेटअपवाला

कोणी बोललं नाही म्हणून. तिसऱ्या आठवड्यातले दोन दिवस ‘दुसऱ्याच्या मशीनवर चालवणे’ याला द्या. ताजं विंडोज, साधा वापरकर्ता, ॲडमिन नाही, इंटरनेट नाही, पडदा १२५ टक्क्यांवर. व्हिज्युअल स्टुडिओ रोज ॲडमिन म्हणून उघडणाऱ्याला प्रोग्राम-फाइल्समध्ये लिहिता येत नाही हे कधी दिसतच नाही. सेटिंग आणि लॉग लोकल-ॲपडेटामध्ये, चाचण्यांच्या फाइली ऑपरेटर दाखवेल तिथे.

नेट नाही म्हणून डॉटनेट सोबतच बांधून द्या, म्हणजे सेल्फ-कंटेन्ड. सेटअप बराच मोठा होईल, होऊ द्या. ट्रिमिंगने (न लागणारा कोड काढून) छोटा करायच्या नादी लागू नका, डब्ल्यूपीएफला ते चालत नाही.

फाइल जतन करताना मूळ फाइलवर थेट लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल पूर्ण लिहायची, डिस्कवर फ्लश करायची, मग फाइल-रिप्लेसने अदलाबदल. याचा सराव म्हणजे लिहिताना टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारायची आणि जुनी फाइल शाबूत उघडते का बघायचं. प्रत्येक फाइलमध्ये पहिल्याच दिवसापासून आवृत्तीचा आकडा हवा. वेबवर सगळे एकाच दिवशी नव्या आवृत्तीवर येतात, इथे तीन वर्षांपूर्वीचं ॲप एखाद्या कोपऱ्यात चालूच असतं.

क्रॅश झाल्यावर तुमच्याकडे सर्व्हरचा लॉग नाही. सेटअपमधूनच रजिस्ट्रीत विंडोज एरर रिपोर्टिंगच्या ‘लोकल-डम्प्स’ या नोंदीखाली तुमच्या एक्झीचं नाव घाला, डम्प-टाइप २, म्हणजे मेलेल्या प्रोसेसच्या मेमरीची पूर्ण प्रत (डम्प) फाइलमध्ये राहते. ऑपरेटर ती फाइल पेन ड्राइव्हवर देईल. टीममधल्या प्रत्येकाने असा एक डम्प उघडून कोणत्या ओळीवर मेला ते शोधून दाखवायचं. त्यासाठी त्या बिल्डच्या पीडीबी (कोडची ओळ शोधून देणाऱ्या फाइली) जपून ठेवलेल्या हव्यात.

सेटअपवर डिजिटल सही करायचं प्रमाणपत्र घेणार असाल तर आत्ताच मागणी टाका. जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअरवरच ठेवावी लागते, त्यामुळे टोकन कुरिअरने येईपर्यंत थांबावं लागतं. सही करताना टाइमस्टॅम्प लावा, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुने सेटअपही बिनसहीचे ठरतात.

आणि दुसरा मॉनिटर. खिडकी कुठे होती ते लक्षात ठेवणारं ॲप लिहायला लावा, दुसऱ्या मॉनिटरवर बंद करा, वायर काढा, पुन्हा उघडा. खिडकी उघडते, टास्कबारवर दिसते, पडद्यावर नाही.

---

खटपट्या

झेंड्याचा उपाय लागू पडला, खिडकी आता ऐकते. इन्व्होक काढून रांग घातली, ५० वेळा ‘थांबवा’ दाबलं, एकदाही लटकलं नाही. प्रमाणपत्राची मागणी उद्या टाकतो. ‘कर्तृत्व’ मात्र तीन पडद्यांवर कापला गेला.